नोटा कुठे मोजायच्या, बिल कुठे मागायचं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कराडची, वय ५६. धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय. घरात वाद आहेत, पण पैशावरून नाहीत. पैसे कसे द्यायचे यावरून आहेत. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, बँकेतून एकदाच काय ते पैसे काढावेत, घरात ठेवावेत आणि जिथे लागतील तिथे नोटा मोजून द्याव्यात. मुलगा पुण्यात नोकरीला. तो दहा रुपयांच्या चहाचे पैसेसुद्धा फोनवरून देतो आणि नोटा बाळगणाऱ्याला अडाणी म्हणतो.

खरेदी अशी आहे. फ्रिज ३८,५०० रुपयांचा. दुकानदार म्हणतो, रोख द्या, बिल नको म्हणा, ३५,००० ला देतो. मुलगा म्हणतो, नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ. सराफाकडे मंगळसूत्र आणि अंगठ्या मिळून २,६०,००० चा अंदाज निघालाय. ते म्हणाले, रोखच द्यायचे असतील तर दोन दिवशी दोन पावत्या करू. कपाट आणि दिवाण करायला सुतार येतोय, त्याला २०,००० उचल हवीय. पुतण्याने ४०,००० हातउसने मागितलेत, तेही रोखच. आणि मंडईतल्या आमच्या मावशी मात्र फोनवरून पैसे घ्यायला कुरकुरतात. मुलगा म्हणतो, त्यांच्याकडून भाजी घेणंच बंद कर. कुठे रोख द्यावेत आणि कुठे देऊ नयेत, एकदा नीट सांगा.
– दोघांच्या कात्रीत सापडलेली

उत्तर : ताई, मी ३१ वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढली. नोटेचा वास, तिचा करकरीतपणा, ओल्या स्पंजला बोट लावून पुडकं मोजणं, यातच आयुष्य गेलं. त्यामुळे नोटांबद्दल मला माया आहे, हे आधीच कबूल करते. तरीही तुमच्या यादीतल्या मोठ्या रकमांपैकी बहुतेक मी नोटांनी देणार नाही. आणि मावशींना एकही पैसा फोनवरून देणार नाही.

घोळ आहे तो ‘रोख’ या एका शब्दाचा. किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते, तिथे रोख म्हणजे उधारी नाही. तुमच्या यजमानांच्या बोलण्यात रोख म्हणजे नोटा. आणि फ्रिजवाल्याच्या तोंडी रोख म्हणजे बिल नाही. तिघंही एकच शब्द वापरतात आणि तुम्ही मध्ये भांडणं सोडवत बसता. उधार न ठेवता घेणं चांगलंच. नोटा देणं कधी चांगलं, कधी गैरसोयीचं. बिनबिलाचं घेणं मात्र जवळजवळ नेहमीच आपल्या अंगावर येतं.

मी स्वतः एकच गोष्ट बघते. हा व्यवहार इथेच मिटतोय, की मागे काही शिल्लक राहतंय? भाजीची जुडी पिशवीत पडली, पैसे दिले, संपलं. तिथे नोट उत्तम. फ्रिज मात्र दहा वर्षं घरात राहणार. सुताराचं काम अर्धं व्हायचंय. पुतण्याने पैसे परत करायचेत. जिथे उद्या कुणाला तरी काही विचारायची वेळ येऊ शकते, तिथे पैसे गेल्याची खूण बँकेत किंवा कागदावर राहिलीच पाहिजे.

मावशींपासूनच सुरू करते, कारण मुलाचं ते बोलणं मला अजिबात आवडलं नाही. आमच्या मंडईत एक मावशी मेथी-शेपू घेऊन बसतात. टोपलीला तो चौकोनी कोड सुतळीने बांधलेला आहे. शेजारी छोटा डबा, पैसे आले की तो मोठ्याने सांगतो. एकदा मी विचारलं, ‘मावशी, खातं कुणाचं?’ म्हणाल्या, ‘पोराचं.’ दिवसभर डबा ओरडत राहतो, त्या ऐकत राहतात आणि संध्याकाळी पोरगा देईल तेवढेच हातात पडतात. सकाळी माल उचलताना पैसे त्यांनाच द्यावे लागतात, टेम्पोवाल्याला पण त्याच देतात. गिऱ्हाइकाच्या हातातली वीसची नोट कनवटीला लागली की ती मात्र त्यांचीच असते. त्यांच्या कुरकुरीचं कारण हे असू शकतं. तुमच्या मावशींना विचारून बघा. विचारायचं नसेल तर नुसत्या सुट्ट्या नोटा न्या.

कुणी म्हणेल, कर चुकवायचा असतो म्हणून हे लोक रोख मागतात. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, मावशी काय चुकवणार! दुकानदारांची भीती मात्र खरी आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात फोनवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरात दुकानोदुकानी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. वर्षाची विक्री ४० लाखांच्या पुढे गेली की माल विकणाऱ्याला नोंदणी करावी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या पुढे. तेव्हा रोख मागणारा प्रत्येक जण लबाड असतो असं नाही. पण त्याच्या भीतीची किंमत आपण का मोजायची, हा प्रश्न फ्रिजच्या दुकानात विचारायचा, मंडईत नाही.

आता तो फ्रिज. जरा हिशोब करू. फ्रिजवर १८ टक्के जीएसटी आहे. ३८,५०० मध्ये मूळ किंमत साधारण ३२,६२७ आणि कर ५,८७३. दुकानदार तुम्हाला कमी करतोय ३,५००. म्हणजे ‘तुमचा टॅक्स वाचवून देतो’ म्हणताना सगळा टॅक्सही तुमच्या पदरात पडत नाहीये. आणि त्या ३,५०० च्या बदल्यात तुम्ही काय सोडताय? बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी देतात. ती मोजतात बिलावरच्या तारखेपासून, आणि बिलच नसेल तर मोजणार कुठून?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी गीझर घेतला. दुकान ओळखीचं, मालक वहिनी-वहिनी करणारा. म्हणाला, ‘कच्च्या पावतीवर घ्या, ९०० कमी करतो.’ मी, दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणारी बाई, नऊशे रुपयांना भुलले. आठव्या महिन्यात गीझरची टाकी गळायला लागली. कंपनीच्या माणसाने आधी बिल मागितलं. मी कच्ची पावती पुढे केली. त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, नुसतं पेन्सिलीने ‘१५ ली. – १’ आणि रक्कम. त्याने ती उलटी करून पाठीमागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि माझ्या हातात परत दिली. एक शब्द बोलला नाही. दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, तुम्हीच नको म्हणालात बिल.’ आणि ते खरंच होतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला पाठ होता, पण तक्रारीत लिहिणार काय?

म्हणून दुकानात वाक्य असं बोलायचं : ‘पक्कं बिल हवंय, पैसे आत्ता पूर्ण देतो, काय कमी कराल?’ यात गंमत अशी आहे की क्रेडिट कार्ड घासलं की दुकानदाराचे साधारण दीड-दोन टक्के कापले जातात. ३८,५०० वर म्हणजे सहाशे ते पावणेआठशे. नोटा दिल्यात किंवा बँक खात्यातून फोनवर दिलेत तर ते त्याचे वाचतात. तेवढं तरी सोडा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मिळेलच असं नाही, पण मागायला लाजू नका. यजमानांना सांगा, फ्रिजला नोटाच द्यायच्या असतील तर खुशाल द्या, कायद्याने काही आडकाठी नाही. फक्त बिलावर जीएसटी नंबर, मॉडेल आणि फ्रिजचा सीरियल नंबर बघून मगच पुडकं काउंटरवर ठेवा.

मुलाच्या नो कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच, की फुकट व्याज कोणीच देत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. एकरकमी घेतला तर जी सूट मिळाली असती ती तिथे व्याजाच्या नावाने जिरते, वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजाच्या रकमेवर जीएसटी. हातात पैसे नसते तर मी म्हटलं असतं घ्या. तुमच्याकडे आहेत. मग हप्ते कशाला?

सराफांचं ‘दोन दिवशी दोन पावत्या’ मात्र ऐकू नका. १ एप्रिल २०१७ पासून कुणालाही एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. दोन दिवसांत वाटून घेतली तरी सुटका नाही, कारण कायदा नुसता दिवस मोजत नाही. एकच व्यवहार असेल किंवा एकाच प्रसंगासाठी असेल तरी सगळं एकत्र धरतो. लग्न हा प्रसंगच झाला. दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो जेवढी रक्कम घेतली तेवढाच असतो. म्हणजे भीती सराफांना हवी, तुम्हाला नाही. तरी पुढे चौकशी झालीच तर तुमचंही नाव त्या कागदात येणार. यजमानांच्या समाधानासाठी एक मार्ग आहे : ६०,००० नोटांनी द्या, उरलेले २,००,००० आरटीजीएस किंवा चेकने, आणि सगळ्या दागिन्यांचं एकच बिल. पॅन मागितला तर द्या. बिलावर वजन, कॅरेट, मजुरी, जीएसटी वेगवेगळे लिहिलेले हवेत. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, भिंगातून बघून घ्या. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो टाकला की दागिन्याची नोंद दिसते. हे काम मुलाला द्या, त्याला हौस आहे.

सुताराला २०,००० एकदम उचल देऊ नका, रोख नको आणि फोनवरही नको. तो वाईट आहे म्हणून नाही. उचल घेतलेली तीन कामं त्याच्या अंगावर असतात आणि ज्याने शेवटी दिली त्याचं काम शेवटी होतं. प्लायवुड, बिजागऱ्या, सनमायका तुम्ही स्वतः दुकानातून बिलाने आणा. मजुरीपुरती पाचेक हजारांची उचल द्या आणि दर शनिवारी झालेल्या कामाचे पैसे. हे मात्र नोटांनी दिलेले चालतील, त्यालाही हाताखालच्या पोराला रोजच द्यावे लागतात. एक शंभर पानी वही घ्या. तारीख, रक्कम, त्याची सही. मुख्याध्यापकांना मस्टरवर सह्या घ्यायची सवय आहेच.

पुतण्याचं काय? नात्यातले हातउसने नोटांनी दिले की देणाऱ्याला रक्कम आठवते, घेणाऱ्याला नुसता प्रसंग आठवतो. शिवाय २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला कायद्याने मनाई आहे, आणि तिथेही दंड घेणाऱ्याला, रकमेएवढा. तेव्हा त्याच्याच भल्यासाठी त्याच्या खात्यात पाठवा. ‘काका अविश्वास दाखवतायत’ असं वाटू नये म्हणून फोनवर आधी यजमानांनी स्वतः बोलावं. कुणी जागेच्या विसाराचे पैसे रोख मागितले तरी हीच २०,००० ची रेघ लक्षात ठेवा.

आता राहिला घरात किती ठेवायचे हा प्रश्न. यजमान म्हणतात तसे लग्नाचे सगळे पैसे काढून कपाटात? नको हो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. त्यानंतरचे काही आठवडे मी काउंटरवर जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. एक आजी आल्या होत्या, साठीच्या पुढच्या. पदराखालून स्टीलचा डबा काढला. नोटांना मेतकुटाचा वास येत होता. सून मागे उभी होती आणि आजींची नजर माझ्याकडे कमी, सुनेकडे जास्त. चौतीस हजार निघाले. सुनेला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी हळू आवाजात मोजले.

तेव्हा महिन्याच्या घरखर्चाएवढे, फार तर पंधरा-वीस हजार घरात असावेत, तेही दोन ठिकाणी. तेवढे मात्र असावेतच, आणि हे मुलाला ठणकावून सांगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सांगली-कोल्हापुरात कित्येक भागांत वीज नव्हती, टॉवर बंद, एटीएम बंद. फोनमध्ये लाख रुपये असतील, पण दुधाची पिशवी मिळायची ती वीसच्या नोटेवर. कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहणाऱ्या बाईला मी पुराबद्दल काय सांगावं! पाटणच्या पुढे डोंगरात रेंज जाते तेही तुम्ही माझ्यापेक्षा जास्त अनुभवलं असेल. आणि रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर रिक्षावाला आधी नोट बघतो.

सोनं, हॉलचे राहिलेले पैसे वगैरेसाठी मोठी रक्कम काढलीच तर बँकेची स्लिप नोटांसोबतच ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर ५०,००० च्या वर रोकड घेऊन फिरताना नाक्यावर अडवतात, कागद दाखवला नाही तर रक्कम जप्त होते. लग्नपत्रिकाही पिशवीत असू द्या.

यजमानांबद्दल एक शंका येते म्हणून लिहिते, रागावू नका. आयुष्यभर हिशोब चोख ठेवलेला माणूस फोनला घाबरतो ते बहुतेक वेळा ‘चुकून भलतीकडे दाबलं गेलं तर?’ म्हणून. मुलगा हसतो, म्हणून ते नोटांचा हट्ट धरतात. काउंटरवर अशी किती माणसं पाहिली. पासबुक छापून घेतल्याशिवाय त्यांना बरं वाटायचं नाही. त्यांना पेन्शनच्या खात्यावर यूपीआय लावूच नका. वेगळं एक साधं बचत खातं काढा, त्यात चार-पाच हजारच ठेवा आणि फोनला ते जोडा. चुकलं तरी तेवढंच जाईल. पहिला महिना फक्त औषधाच्या दुकानात वापरायचं, तिथे सुट्ट्यांची कटकट फार. एक गोष्ट मात्र पाठ करून घ्या : पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. कुणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा. उशीर झाला की ती रक्कम चार खात्यांतून पुढे निघून जाते.

मुलासाठीही एक काम आहे. त्याला म्हणा, एक महिना चहा, बाहेरचं खाणं आणि भाजी एवढंच नोटांनी देऊन बघ. महिन्याच्या सुरुवातीला पाकिटात ठरलेली रक्कम घालायची, संपली की संपली. फोनवरचे वीस-तीस रुपये जाताना दिसत नाहीत. पाचशेची नोट मोडताना हात आपसूक थांबतो. मला माझ्या भाच्याने हे करून दाखवलं. बावीस तारखेला त्याचं पाकीट रिकामं झालं आणि पुढचे आठ दिवस तो डबा घेऊन ऑफिसला गेला. नव्या सुनेसमोर मात्र ‘ती पण शिकेल, पुढच्या वर्षी दोघांचा संसार असेल तेव्हा उपयोगी पडेल’ असं म्हणू नका.

लग्नाच्या दिवशी तर यजमानांचाच विजय आहे. भटजींची दक्षिणा, वाजंत्री, वाढपी, कार्यालयातला झाडणारा मुलगा, मानपानाची पाकिटं, करवल्यांचे हट्ट, यातलं काहीही फोनवरून होत नाही. मांडवात हळदीच्या हाताने पिन कोण टाकणार? या कामाला त्यांनाच नेमा. त्यांनी एक पिशवी गळ्यात अडकवावी आणि तिचा हिशोब फक्त त्यांनीच ठेवावा. तीन-चार आठवडे आधी शाखेत जाऊन दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांची पुडकी सांगून ठेवा. शाखा मोठी असेल तर नाणी सहज मिळतात. कोऱ्या नोटांची बंडलं जास्त पैसे घेऊन विकणारे बाहेर भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नका. पाकिटावर चिकटवायला एक रुपयाची नाणी वेगळी ठेवा. दहाच्या नाण्याला कुणी नाक मुरडलं, ‘हे चालत नाही’ म्हणालं, तर ऐकू नका. त्याचे सगळे नमुने चलनात आहेत. आणि जुन्या फाटक्या नोटा पाकिटांत ढकलायचा मोह होईल, त्या आधीच बँकेत बदलून घ्या. कुठल्याही शाखेत बदलून मिळतात, तुमचं खातं तिथे नसलं तरी. काउंटरवरची बाई तोंड वाकडं करेल. करू द्या. मीही करायची.